पॅटिना, राप आणि कमावलेलं कातडं

गेल्या वर्षी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना मी एका खुर्चीपाशी तीन आठवडे अडकून पडले. कादंबरी दिल्लीत घडते. सिव्हिल लाइन्समधलं एका निवृत्त न्यायाधीशांचं घर, आणि १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी विकत घेतलेली चामड्याची खुर्ची : गोल हातांची, पाठीला गुंड्यांचे खळगे, कडेनं पितळी खिळ्यांची रांग. अनुवाद अजून छापून व्हायचा आहे, म्हणून पुस्तकाचं नाव इथे घेत नाही. खुर्चीचं वर्णन चार ठिकाणी येतं आणि चारही ठिकाणी लेखकानं एकच शब्द वापरला आहे : पॅटिना.

पहिल्या खर्ड्यात मी 'तकाकी' लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या वाचनात ते खटकलं. तकाकी नव्या वस्तूलाही असते. बुटावर ब्रश फिरवला की ती येते. 'झिलई' वरून चढवतात. 'कळा' म्हणावं तर जुन्या वस्तूच्या शेजारी ती बसली की लगेच 'अवकळा' ऐकू येते. 'राप' त्यातल्या त्यात जवळचा. उन्हातान्हात वावरलेल्या माणसाचा चेहरा रापतो, आणि रापलेल्या चेहऱ्याबद्दल आपल्याला आदरही वाटतो. पण राप बसायला ऊन लागतं. दिवाणखान्यात पडद्याआड बसलेली खुर्ची रापेल कशी?

मग शब्दाच्या मुळाशी गेले, तर तिथे अधिकच पंचाईत झाली. पॅटिना हा मुळात इटालियन भाषेतला शब्द. फिलिप्पो बाल्दिनुच्चीनं १६८१ साली चित्रकलेच्या परिभाषेचा जो कोश केला, त्यात जुन्या चित्रांवर काळानं चढणाऱ्या गडद छटेसाठी तो नोंदवलेला आहे. ब्राँझच्या पुतळ्यांवर चढणाऱ्या हिरवट पुटालाही पुढे हाच शब्द रूढ झाला. या हिरवट पुटाला मराठीत नाव आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती 'कळकते'. कळकलेलं अन्न टाकून द्यायचं असतं. आजी चिंचेचा कोळ लावून तांब्यापितळेची भांडी घासायची ती हे पुट राहू नये म्हणूनच. 'कळकट' हा शब्द आपण अस्वच्छ माणसालाही लावतो. म्हणजे युरोपातल्या संग्राहकाला ज्या पुटात काळाचं सौंदर्य दिसलं, त्यात मराठी बाईला विष दिसत होतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं : पुतळ्यात कोणी ताक ठेवत नाही.

शब्द सापडेना तेव्हा वस्तूच पाहून यावी म्हणून लाजपतनगरच्या अमर कॉलनीत गेले. दिल्लीकरांना हा बाजार ठाऊक आहे. जुनं फर्निचर, जुन्यासारखं नवं फर्निचर, आणि या दोहोंच्या मधलं बरंच काही तिथे रस्त्यावर मांडलेलं असतं. एका दुकानात मला हवी तशी खुर्ची होती. किती जुनी, असं विचारल्यावर दुकानदारानं अगदी सरळपणे विचारलं, "पुरानी चाहिए, या पुरानी जैसी?" पुरानी जैसी मागच्या बाजूला तयार होत होती. आग्र्याकडचा, पन्नाशीचा एक कारागीर नव्या कोऱ्या चामड्याला रेगमालानं घासत होता. आधी तो बुटांच्या कामात होता. घासलेल्या जागी तो बोटानं गडद मेण भरायचा आणि जुन्या सुती फडक्यानं पुसून घ्यायचा. मी पाहत उभी राहिले तेव्हा त्यानं विचारलं, "आप चाय किस हाथ में पकड़ती हैं?" उजव्या, म्हटलं. मग डावा हात जास्त घासावा लागेल, कारण कप धरलेला हात वर असतो आणि रिकामा हात खुर्चीवर फिरत राहतो, असं त्यानं मला समजावलं.

पॅटिनावर मी जेवढं वाचलं आहे त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. पॅटिना म्हणजे रिकाम्या हाताची खूण.

चामड्याच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. झाडांच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेलं चामडं सच्छिद्र राहतं. उजेडानं ते गडद होतं, हाताचं आणि केसांचं तेल पितं, घर्षणानं गुळगुळीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत रुळली. सोफ्यांसाठी आज वापरलं जाणारं चामडं बहुतेक असंच असतं आणि त्यावर रंगाचा थर असतो. तो थर तेल पीत नाही. ते चामडं कोरंच राहतं, आणि मग एक दिवस तडकतं. त्यालाच आपण मग 'जुनं झालं' म्हणतो.

पण झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडंही नेहमी सुंदरच होत जातं असं नाही. १८४३ साली लंडनच्या अथेनियम क्लबातलं चामडं असं का कुजतंय, याचा शोध मायकेल फॅरडेनं घेतला. दिव्यांतल्या गॅसच्या धुरात गंधक होतं आणि ते चामड्यात मुरत होतं. असं चामडं शेवटी लालसर भुकटी होऊन हाताला लागतं. म्हणजे त्याच वर्षांत, त्याच शहरात, एक खुर्ची तुकतुकीत होत होती आणि दुसरी भुकटी होत होती. 'काळानं आणलेलं सौंदर्य' हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून संशयास्पद वाटतो. काळ दोघींवरून सारखाच गेला. फरक पडला तो हवेनं, आणि कुणाच्या तरी हातानं.

या हाताबद्दल समीक्षकांनी काय म्हटलं आहे? तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला असताना वाचलेली तीन पुस्तकं मी पुन्हा काढली. व्हिएन्नाच्या अलॉइस रीगलनं १९०३ साली स्मारकांवरच्या निबंधात 'वयमूल्य' ही कल्पना मांडली. जुन्या वस्तूचा इतिहास ठाऊक नसला तरी तिचं जुनेपण कोणालाही जाणवतं, त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, असं त्याचं म्हणणं. या कल्पनेत एक लोकशाही उदारपणा आहे. ग्रँट मॅक्रॅकननं १९८८ सालच्या पुस्तकात नेमकी उलट बाजू दाखवली. अठराव्या शतकापर्यंतच्या युरोपात पॅटिना हा घराणं तपासण्याचा मार्ग होता. पैसा एका रात्रीत मिळवता येतो, पण चांदीच्या ताटावरचे बारीक ओरखडे तीन पिढ्यांशिवाय येत नाहीत. नवश्रीमंताला दाराशी अडवण्यासाठी ते पुट उपयोगी पडायचं. अमर कॉलनीतला कारागीर दोन दिवसांत जे करतो त्याला फसवणूक म्हणण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेलं बरं. तो दार उघडून देत असतो.

तिसरं पुस्तक जुनइचिरो तानिझाकीचं, १९३३ सालचा सावल्यांवरचा निबंध. पूर्वेच्या लोकांना आवडणारी ही झळाळी म्हणजे खरं तर वर्षानुवर्षांच्या हातांचा मळ आहे, हे तानिझाकी लपवत नाही. पाश्चात्त्य माणूस मळ दिसला की घासून काढतो, आपण तो जपतो, अशी मांडणी तो करतो. मला या मांडणीची गंमत वाटते, कारण दिल्लीत हाच मळ 'इंग्लिश' म्हणून विकला जातो. गुरगावच्या नव्या बैठकीत जी गडद तपकिरी खुर्ची येते ती तानिझाकीच्या लेखी पूर्वेच्या बाजूची, आणि दुकानदाराच्या लेखी विलायतेच्या बाजूची.

खुद्द विलायतेतही या मळाबद्दल एकमत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पुरुष केसांना मॅकॅसर नावाचं तेल चोपडायचे. खुर्च्यांच्या पाठीवर त्याचे डाग पडू नयेत म्हणून घरोघर कापडाचे विणलेले तुकडे टाकले जाऊ लागले आणि त्यांचं नाव पडलं अँटिमॅकॅसर. त्याचा वंशज दिल्लीत अजून नांदतो आहे : सरकारी कचेरीतल्या साहेबाच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल. माझे बाबा आर. के. पुरमच्या एका कचेरीत होते. त्यांची खुर्ची रेक्झिनची, आणि तिच्या पाठीवर टॉवेल. दर सोमवारी धुतलेला यायचा. बदली होऊन नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी टॉवेल नवा यायचा. लहानपणी मी विचारलं होतं की हा कशासाठी? बाबा म्हणाले, "खुर्ची सरकारची, डोकं आपलं." मला ते वाक्य फार आवडलं होतं. आता त्यातली दुसरी बाजू दिसते. आधीच्या माणसाच्या डोक्याचा माग आपल्या डोक्याला लागू नये, हीसुद्धा त्या टॉवेलची जबाबदारी होती.

इथे मला माझ्या तिन्ही समीक्षकांचा हात सोडावा लागतो. तिघांनीही स्पर्श एकाच जातीचा मानला आहे. कोणाचाही हात लागला तरी वस्तू उजळते, प्रश्न फक्त किती वर्षं आणि किती पिढ्या याचा. आपल्याकडे असं कधीच नव्हतं. १९७८ साली बनारसमध्ये जगजीवनराम यांच्या हस्ते संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आणि त्यानंतर तो पुतळा गंगाजलानं धुण्यात आला. जगजीवनराम तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांचा जन्म चामड्याचं काम करणाऱ्या जातीत झाला होता. काही हातांचा माग वस्तूवर चढला तर तिची किंमत वाढते, आणि काही हातांचा माग त्याच दिवशी धुऊन काढायचा असतो. पॅटिनाबद्दलचं जे लेखन ही दोन वाक्यं शेजारी ठेवत नाही, ते भारतात तरी अपुरं आहे. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या २०१२ सालच्या पुस्तकात अस्पृश्यतेचा विचार त्वचा आणि स्पर्श या अंगानं केलेला आहे. तो वाचताना मला सारखी ती खुर्ची दिसत होती. कातडं हेही अखेर त्वचाच.

चामड्याच्या खुर्चीचं आयुष्य आपण मोजायला लागतो ते तिच्यावर पहिला मालक बसल्यापासून. त्याआधीच्या अर्ध्या आयुष्याबद्दल वाचायचं तर ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'कडे जावं लागतं. १९९७ साली आलेलं हे आत्मकथन दिल्लीपासून फार दूरचं नाही; मुझफ्फरनगर जिल्ह्यातलं बरला हे त्यांचं गाव. शाळेत शिकणाऱ्या ओमप्रकाशला एका मेलेल्या बैलाचं कातडं सोलायला काकाबरोबर जावं लागतं. सुरी कशी धरायची तेही त्याला येत नसतं. नंतर कातड्याचं गाठोडं त्याच्या डोक्यावर येतं. ओझं, वास आणि कपड्यांवरचे डाग यांहून जास्त त्याला छळते ती धास्ती, की वाटेत शाळेतलं कोणी पाहील. या प्रसंगात वाल्मीकी कुठेही आवाज चढवत नाहीत. मुलगा घरी येतो तेव्हा त्याचा अवतार पाहून आईला रडू कोसळतं. मला वाटतं, हाताचा माग म्हणजे काय, याचं आपल्या भाषांतलं हे सर्वांत थेट वर्णन आहे. इथे कातडं मुलावर माग सोडतं, आणि तो माग धुऊन निघत नाही.

'अस्सल इंग्लिश लेदर' हा शब्दप्रयोगही जरा तपासून पाहावा असा आहे. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातून सालीनं कमावलेली कातडी जहाजं भरभरून विलायतेला जात. लंडनच्या बाजारात त्यांना 'ईस्ट इंडिया किप्स' म्हणत. तिथे त्यांच्यावर पुढचे संस्कार व्हायचे, रंग चढायचा, आणि माल विलायती व्हायचा. तो मुख्यतः बुटांसाठी जाई. कादंबरीतल्या खुर्चीचं चामडं तिकडचं असेलच असं मी म्हणत नाही. पण ज्या झाडाच्या सालीनं ही कातडी कमावली जायची ते झाड आपल्या ओळखीचं आहे : तरवड. पिवळ्या फुलांचं ते माळरानावरचं झुडूप. आमच्याकडे घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते, आणि दिल्लीत ती मिळत नाही म्हणून आई दर नवरात्रात हळहळते. त्याच झुडपाची फुलं देवघरात आली आणि साल गावाबाहेरच्या कुंडात गेली. फुलं आणणारे हात आणि साल कुटणारे हात यांच्यामध्ये केवढं अंतर ठेवलं गेलं, ते सांगायला नको.

आणि इथेच, इतके दिवस समोर असून न दिसलेला शब्द मला सापडला. कातडं 'कमावतात'. ढोर समाज कातडं कमावायचा, चांभार समाज त्याच्या वस्तू करायचा. हेच क्रियापद आपण पैशाला लावतो. तालमीतल्या शरीराला लावतो, रियाज केलेल्या आवाजाला लावतो. कमावलेला आवाज म्हणजे देणगी म्हणून मिळालेला नाही, राबून मिळवलेला. जगातल्या सगळ्या भाषांत कातड्याच्या कामाला असा मान असेल असं नाही. मराठीनं तो दिला, आणि काम करणाऱ्यांना मात्र दिला नाही. भाषा समाजापेक्षा शहाणी असू शकते याचं हे एक उदाहरण, आणि तिच्या शहाणपणाचा आपण किती कमी उपयोग करतो याचंही.

पॅटिनाचं कोडं उलट दिशेनं सोडवण्याचा एक प्रयत्न मी पडद्यावर पाहिला आहे. एमी सीगल या अमेरिकन कलावतीची 'प्रॉव्हेनन्स' ही २०१३ सालची फिल्म. चंडीगढसाठी पिएर जान्नरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या आणि लिलावांत अफाट किमतींना गेल्या, ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. सीगल ती शेवटापासून सांगते. आधी श्रीमंतांची शांत घरं, मग लिलाव, मग दुरुस्तीची कार्यशाळा, मग जहाज, आणि शेवटी चंडीगढ. निवेदन नाही, संवाद नाहीत. खुर्ची जसजशी मागे जाते तसतशी ती स्वस्त होत जाते, आणि तिच्यावर प्रत्यक्ष बसलेली माणसं दिसू लागतात. फिल्म पूर्ण झाल्यावर सीगलनं तिची प्रतही लिलावात विकली, म्हणजे आपण कोणत्या बाजारात उभ्या आहोत हे ती विसरली नाही. तरीही माझी एक तक्रार राहते. फिल्म कचेरीपाशी थांबते. खुर्ची जिथे पहिल्यांदा विणली गेली त्या हातांपर्यंत ती जात नाही. मागे जायचंच, तर एक टप्पा आणखी जायला हवं होतं.

माझ्या कादंबरीला मी आता हाच प्रश्न विचारते. चारपैकी तिसऱ्या जागी एक वाक्य आहे. त्यात न्यायाधीशांचा नोकर दर रविवारी खुर्चीला मेण चोळतो. नोकराला नाव नाही. पुढच्याच वाक्यात लेखक म्हणतो की खुर्चीवरचा पॅटिना काळानं चढवलेला होता. लेखक सहृदय आहे, कादंबरी चांगली आहे, पण या दोन वाक्यांमध्ये काहीतरी हरवलं आहे. चाळीस वर्षांचे रविवार घातले आहेत ते त्या माणसानं, आणि श्रेय मिळालं आहे काळाला. मला वाटतं, लेखकाला हे दिसलं नसावं, कारण पॅटिना हा शब्दच ते दिसू देत नाही. त्यात कर्ता नसतो. ते पुट आपोआप येतं. मराठीत 'चढतं' म्हटलं तरी चालतं, पण 'कमावलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कोणी?

म्हणून अनुवादात मी एकच प्रतिशब्द ठेवला नाही. पहिल्या जागी, जिथे पाहुण्याला खुर्ची प्रथम दिसते, तिथे ती 'हाताळून तुकतुकीत झालेली' आहे. दुसऱ्या जागी नात आजोबांच्या पश्चात खुर्चीच्या हातावर तळवा ठेवते. तिथे मी प्रतिशब्दच टाळला आणि 'आजोबांचा हात जिथे असायचा तिथे चामडं मऊ होतं' एवढंच लिहिलं. चौथ्या जागी घर विकताना दलाल खुर्चीची किंमत सांगतो. त्याच्या तोंडी 'पॅटिना' तसाच ठेवला, कारण तो शब्द मुळी त्याच्याच धंद्याचा आहे. आणि तिसऱ्या जागी लिहिलं : 'दर रविवारी चोळून चोळून कमावलेली तकाकी'.

प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांनी त्या ओळीशेजारी प्रश्नचिन्ह टाकलं आणि समासात लिहिलं, 'मुळात नाही.' त्यांची हरकत रास्त आहे. अनुवादकानं लेखकाची आंधळी जागा झाकू नये तशी ती परस्पर उजळूही नये, असं मीही नव्या अनुवादकांना सांगत आले आहे. मूळ वाक्यात कर्ता काळ आहे आणि मी तो बदलला आहे. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. इंग्रजीतला पॅटिना हा शब्द कर्ता लपवतो आणि मराठीत तसा लपवणारा शब्द मला सापडला नाही. जे शब्द सापडले त्यांपैकी काही खोटे होते, काही अपुरे, आणि एक मात्र आधीपासून कोणाच्या तरी कष्टांबद्दल बोलत होता. तो टाळायचा, तर मला मुद्दाम टाळावा लागला असता.

अमर कॉलनीतून निघताना मी त्या कारागिराचे हात पाहिले होते. रेषांमध्ये आणि नखांच्या कडांना गडद तपकिरी रंग मुरलेला होता, अगदी त्यानं खुर्चीच्या डाव्या हाताला दिला होता तोच. तो साबणानं निघतो का, असं मी विचारलं. "छुट्टी पर गाँव जाता हूँ, तब भी रहता है," तो म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. मी संपादकांना ओळ ठेवा असं कळवलं आहे. त्यांचं प्रश्नचिन्ह मुद्रितावर अजून तसंच आहे.